सँ-दनी : राजांच्या थडग्यांचं आणि कामगारांचं गाव

कालवाकाठ

पॅरिसला फिरायला येणारी आपली मंडळी सँ-दनीला आलीच तर दोन तासांपुरती येतात. मेट्रोच्या १३ नंबरच्या लाइनने 'बाझिलिक द सँ-दनी' स्टेशनवर उतरायचं, राजांची थडगी बघायची आणि आल्या पावली परत. बरेच जण तेवढंही करत नाहीत, कारण "तो भाग बरा नाही" असं हॉटेलवाल्याने किंवा नातेवाइकाने सांगितलेलं असतं. मी याच गावात राहते, कालव्याच्या जवळ. या गावावर माझा जीव आहे आणि त्याच्याबद्दल मराठीत काही धड वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा काढतेय.

गाव पॅरिसच्या उत्तरेला, शहराच्या वेशीला लागूनच आहे. सँ-दनी म्हणजे संत दनी, पॅरिसचा पहिला बिशप. तिसऱ्या शतकात रोमन अंमलात त्याचा शिरच्छेद झाला. मोंमार्त्रच्या टेकडीवर मुंडकं उडवल्यावर ते स्वतःच्या हातात घेऊन तो उत्तरेकडे चालत निघाला आणि इथे येऊन पडला, अशी आख्यायिका आहे. त्याच्या कबरीवर आधी लहान देऊळ, मग मठ, मग मोठं चर्च उभं राहिलं. सातव्या शतकात राजा दागोबेर याला इथे पुरलं. दहाव्या शतकाच्या अखेरीपासून तर मोजके अपवाद सोडले तर फ्रान्सचा प्रत्येक राजा इथेच आला. ४२ राजे, ३२ राण्या, शिवाय राजपुत्र आणि राजकन्या.

राजांनी हे गाव आपल्या मरणासाठी निवडलं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसने ते आपल्या धुरासाठी निवडलं. १८२१ मध्ये कालवा सुरू झाला, मागोमाग रेल्वे आली, आणि पॅरिसला हवे असलेले पण पॅरिसला सोसवणार नाहीत असे सगळे कारखाने गावाच्या दक्षिणेच्या मैदानात, 'ला प्लेन'मध्ये उभे राहिले. गॅस, रसायनं, लोखंड, चामडं. राजांचं गाव आणि कारखान्यांचं गाव या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून सांगितल्या जातात. मला त्या एकच वाटतात. दोन्ही वेळा पॅरिसने काय ते ठरवलं, आणि इथल्या माणसांनी त्यातून आपलं गाव घडवलं.

ज्यांनी पाहिलंय, राहिलेत, शिकलेत त्यांनी जरूर लिहा.

पांथस्थ७२

छान विषय. एक शंका आहे. २००५ च्या दंगली इथेच झाल्या ना? बातम्यांमध्ये सारखं सँ-दनी, सँ-दनी ऐकल्याचं आठवतंय.

कालवाकाठ

नाही. तुम्ही ऐकलंत ते 'सेन-सँ-दनी', म्हणजे जिल्ह्याचं नाव. ९३ नंबरचा जिल्हा, १९६८ मध्ये नव्याने केलेला. त्यात चाळीस नगरपालिका होत्या आणि आमचं गाव त्यातलं एक. जिल्ह्याचं मुख्यालयसुद्धा इथे नाही, बोबिन्यीला आहे. २००५ चं प्रकरण सुरू झालं क्लिशी-सू-ब्वा या गावात, जिल्ह्याच्या पार पूर्वेच्या टोकाला. पोलिसांपासून पळताना दोन मुलं विजेच्या केंद्रात शिरली आणि शॉक लागून गेली, तिथून भडका उडाला. पण नाव एकसारखं असल्याने जिल्ह्यात कुठेही काही झालं की आमच्या गावावर शिक्का बसतो. इथल्या मुलांना नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना याचा त्रास होतो, तो खरा आहे.

पाषाणवेडा

मस्त धागा! बाझिलिकवर, म्हणजे राजांची थडगी असलेल्या त्या मोठ्या चर्चवर, लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही.

आपण ज्याला गॉथिक म्हणतो, ती बांधणी सगळी एकत्र पहिल्यांदा इथे दिसली. मठाधिपती सुजे (११२२ ते ११५१) याने जुनं काळोखं चर्च पाडायला घेतलं आणि ११४४ मध्ये पूर्वेकडचा नवा भाग खुला केला. टोकदार कमानी आणि छताच्या फासळ्या दोन्ही आधी इतरत्र होत्या. त्याने त्या एकत्र आणून वजन खांबांवर घेतलं, त्यामुळे भिंतीची गरज कमी झाली आणि तिच्या जागी रंगीत काचा बसवता आल्या. त्यातल्या एका खिडकीत मेरीच्या पायाशी लोटांगण घातलेला एक छोटा साधू दिसतो, तो खुद्द सुजे. शार्त्र, रँस, आमिएँ इथली प्रसिद्ध गॉथिक चर्चं सगळी यानंतरची.

पण मी तिथे सगळ्यात जास्त वेळ थांबलो तो बाराव्या लुईच्या थडग्यापाशी. वरच्या मजल्यावर राजा आणि राणी आन गुडघे टेकून प्रार्थना करताहेत, अंगावर राजवस्त्रं. खाली त्याच दोघांची प्रेतं, उघडी, संगमरवरात. वाकून पाहिलंत तर पोटावर टाके दिसतात. मसाला भरण्यासाठी पोट चिरलं आणि मग शिवलं, ती शिवण शिल्पकाराने दोऱ्यासकट कोरलीय. तोंड अर्धवट उघडं, बोटं आखडलेली. राजाची अशी मूर्ती घडवायला कोणी सांगितली असेल आणि घडवणाऱ्याचा हात थरथरला कसा नसेल, याचा विचार करत मी बराच वेळ उभा होतो. बाकीच्या थडग्यांवर राण्यांच्या पायाशी कुत्रे आहेत आणि राजांच्या पायाशी सिंह. काही कुत्रे इतके जिवंत आहेत की हात फिरवावासा वाटतो.

सोनचाफा

वाचतेय. क्रांतीच्या वेळी ही थडगी फोडली होती ना? मग आत्ता तिथे आहे काय?

पाषाणवेडा

हो, १७९३ मध्ये. ऑगस्टमध्ये थडगी फोडायला सुरुवात झाली आणि ऑक्टोबरमध्ये प्रेतं उकरली. शवपेट्यांचं शिसं गोळ्यांसाठी वितळवलं. चौथ्या हेन्रीचं प्रेत इतकं शाबूत निघालं की लोकांना बघायला ते उभं करून ठेवलं होतं. मग सगळी हाडं शेजारच्या दोन खड्ड्यांत टाकून वर चुना ओतला. गावाचं नाव बदलून 'फ्रान्सियाद' केलं. शिल्पं वाचली ती अलेक्सांद्र लन्वार नावाच्या माणसामुळे. त्याने ती पॅरिसला नेऊन संग्रहालय उभं केलं.

राजे परत आल्यावर १८१७ मध्ये अठराव्या लुईने खड्डे उकरून घेतले, पण तोवर कोणाचं हाड कोणतं हे सांगणं अशक्य होतं. बाराशे वर्षांचे राजे आज तळघरात एकाच अस्थिकोठीत आहेत, बाहेर काळ्या दगडावर नावांची यादी. वरची थडगी बहुतेक रिकामी. सोळावा लुई आणि मारी आंत्वानेत यांचे अवशेष मात्र १८१५ मध्ये पॅरिसच्या दफनभूमीतून आणून वेगळे पुरलेत. त्यांच्या मुलाचं, तुरुंगात वारलेल्या दहा वर्षांच्या पोराचं वाळलेलं हृदय काचेच्या पात्रात आहे. ते त्याचंच असल्याचं डीएनए तपासणीतून पटल्यावर २००४ मध्ये तिथे ठेवलं.

कालवाकाठ

पाषाणवेडा, फार सुंदर लिहिलंत. एक भर घालते. तुम्ही समोरून पाहिलंत तेव्हा चर्चला एकच मनोरा दिसला असेल. उत्तरेचा मनोरा जवळजवळ ९० मीटर उंच होता. एकोणिसाव्या शतकात वीज पडली, डागडुजी झाली, मग वादळ झालं, भेगा पडल्या आणि शेवटी १८४६-४७ मध्ये तो उतरवून ठेवला. तेव्हापासून गाव एका मनोऱ्यावर आहे. आता तो पुन्हा बांधायचं काम सुरू झालंय, २०२५ मध्ये पहिला दगड बसला. पाथरवट तिथेच बसून हाताने दगड घडवतात आणि लोकांना ते बघता येतं. शाळेतली मुलं कुंपणाजवळ उभी राहून छिन्नी कशी धरायची ते विचारत असतात. गावातल्या गावात हे कौशल्य पुन्हा शिकवलं जातंय, याचं मला मनोऱ्याइतकंच अप्रूप आहे.

आणि मठाच्या जुन्या इमारतीत मुलींची निवासी शाळा आहे, नेपोलियनने काढलेली. लेजियों दॉनर हा सन्मान मिळालेल्यांच्या मुली आणि नाती तिथे शिकतात. इयत्तेप्रमाणे रंगीत पट्टे बांधतात. भिंतीच्या अलीकडे बाजारात आफ्रिकन कापडाची दुकानं आणि पलीकडे ही शाळा.

जुनाविद्यार्थी

मी पारी-८ विद्यापीठात शिकलो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. हे विद्यापीठ १९६८ च्या आंदोलनातून व्हँसेनच्या जंगलात जन्मलं आणि १९८० मध्ये इथे हलवलं. मेट्रो विद्यापीठापर्यंत यायला मात्र १९९८ उजाडलं.

कारखान्यांबद्दल. संगीतकार शोपँ ज्या कंपनीचे पियानो वाजवायचा त्या प्लेयेलचा मोठा कारखाना इथे होता. आज स्टेशनला आणि चौकाला तेच नाव आहे. क्रिस्तोफ्लची चांदीची भांडी इथे घडायची. पण बहुतेक काम घाणीचं आणि जिवावरचं होतं. ते करायला माणसं आली ती लाटांमध्ये. सर्वांत आधी फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतातले शेतकरी. त्यांना फ्रेंच धड येत नव्हतं आणि पॅरिसचे लोक त्यांना जवळजवळ परदेशीच समजत. मग इटालियन. मग स्पॅनिश, इतके की ला प्लेनच्या काही गल्ल्यांना 'छोटं स्पेन' म्हणत. तिथे त्यांचं चर्च, नाट्यगृह, छोट्या बैठ्या घरांच्या रांगा. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्याशी लढून हरलेले लोकही इथे आले. नंतर अल्जेरियन. गावातल्या फ्राँ-मुआझँ या भागात पोर्तुगीज लोकांची मोठी झोपडपट्टी होती, चिखल आणि पत्रे. त्यानंतर माली, सेनेगल, हैती, श्रीलंकेतले तमिळ. आज कोणी म्हणतं की गाव "बदललं". मला वाटतं गावाचा धर्मच तो आहे.

राजकारणही यातूनच आलं. १८९२ मध्ये इथे समाजवादी निवडून आले आणि पुढे गाव कम्युनिस्टांचा बालेकिल्ला झालं. त्यात एक काळा अध्याय आहे. झाक दोरियो, १९३१ पासूनचा लाडका कामगार-महापौर. पक्षाने १९३४ मध्ये काढल्यावर त्याने १९३६ मध्ये याच गावात स्वतःचा फॅसिस्ट पक्ष काढला आणि युद्धात जर्मन गणवेश घालून लढला. ज्यांनी त्याला खांद्यावर घेतलं त्यांच्यातलेच कित्येक जण नंतर जर्मनांविरुद्धच्या प्रतिकाराच्या चळवळीत होते. म्हातारी माणसं हे नाव आजही हळू आवाजात घेतात. १९४५ नंतर मात्र २०२० पर्यंत महापौर कम्युनिस्ट परंपरेतलेच.

घाटमाथा

सगळं खरं असेल, पण माझा अनुभव चांगला नाही. संध्याकाळी मेट्रोच्या पायऱ्यांवर हातातून मोबाइल हिसकावला, बरोबर बायको आणि लहान मुलगी. सिगारेटी विकणारी पोरं घोळक्याने उभी होती, कोणी मदतीला आलं नाही. पोलिसांत तक्रार द्यायला अर्धा दिवस गेला. इतिहास कितीही थोर असो, कुटुंब घेऊन परत जाणार नाही.

कालवाकाठ

घाटमाथा, वाईट वाटलं वाचून. मुलगी बरोबर असताना असं झालं की ते डोक्यातून जात नाही. इथे चोऱ्या होतात, स्टेशनच्या तोंडाशी जास्त होतात, हे मी नाकारणार नाही. गावातल्या बायका यासाठी वर्षानुवर्षं नगरपालिकेकडे भांडताहेत. त्यांचा मुद्दा असा की पॅरिसमध्ये तेवढ्याच वस्तीला जेवढे पोलीस, शिक्षक आणि न्यायाधीश मिळतात तेवढे इथे मिळत नाहीत. शाळेत शिक्षक आजारी पडला तर बदली शिक्षक आठवडेच्या आठवडे येत नाही. हा राग मुलांच्या आईबापांना रस्त्यावर आणतो, आणि तो मला चोरीच्या बातमीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

नोव्हेंबर २०१५ मध्ये इथल्या 'स्ताद द फ्रान्स' स्टेडियमबाहेर बॉम्ब फुटले. पाच दिवसांनी पहाटे हल्लेखोरांना पकडायला पोलिसांनी मध्यवस्तीतली एक इमारत घेरली, तासन् तास गोळीबार चालला. टीव्हीवर गाव 'दहशतवाद्यांचं' झालं. त्याच इमारतीतली साधी कुटुंबं रातोरात बेघर झाली आणि घरांसाठी दीर्घकाळ झगडत राहिली, ते कोणी दाखवलं नाही.

सातारीरस्सा

+१ कालवाकाठ. घाटमाथा, तुमच्या जागी मीही घाबरलो असतो.

धावपट्टी

स्टेडियमचा विषय निघालाच आहे तर लिहितो. स्ताद द फ्रान्स याच गावात आहे आणि आपल्या लोकांनी तो मराठी मन लावून पाहिलाय. ७ ऑगस्ट २०२४ च्या रात्री बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे इथे ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावला. ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष. अकरावा आला, ८ मिनिटं १४.१८ सेकंद. नंतरच्या महिन्यात पॅरालिंपिकमध्ये सांगलीच्या आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारीने याच मैदानावर गोळाफेकीत १६.३२ मीटर टाकून रौप्य मिळवलं. दोघेही दुष्काळी पट्ट्यातले. जांभळ्या ट्रॅकवर आपला माणूस पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारतोय हे बघताना माझा घसा दाटून आला होता.

कालवाकाठ

धावपट्टी, मी त्या रात्री घरीच होते, खिडकीतून आरडाओरडा ऐकू येत होता!

स्टेडियमची गोष्ट मला सविस्तर सांगायचीय, कारण गावाचा स्वभाव तिथे कळतो. ती जागा म्हणजे कॉर्नियों गॅस कारखान्याची पडीक, विषारी माती. १९७० नंतर कारखाने धडाधड बंद पडले होते, ला प्लेन ओसाड झालं होतं. त्यात १९६० च्या दशकात उत्तरेकडे जाणारा ए-१ महामार्ग ला प्लेनच्या मुख्य रस्त्यावर, विल्सन अव्हेन्यूवर खणून नेला होता. आधी तिथे दुतर्फा झाडं होती, माणसं रविवारी फिरायची. नंतर खंदकातून रात्रंदिवस गाड्या, आणि दोन्ही बाजूंच्या घरांच्या खिडक्या काजळीने काळ्या. रस्ता ओलांडून समोरच्या शेजाऱ्याकडे जायचं तर वळसा.

१९९३ मध्ये १९९८ च्या विश्वचषकासाठी सरकारने ही जागा मागितली. महापौर पात्रिक ब्राउझेक आणि गावकरी म्हणाले, स्टेडियम घ्या, पण आधी महामार्ग झाका. आणि स्टेशनं द्या. घासाघीस झाली आणि सरकारला ऐकावं लागलं. १९९८ मध्ये महामार्गावर छत आलं आणि छतावर बागा. आरईआरच्या, म्हणजे उपनगरी रेल्वेच्या, बी आणि डी दोन्ही लाइनींना नवी स्टेशनं मिळाली. १२ जुलैला झिदानने ब्राझीलवर दोन गोल केले, ते जगाने पाहिलं. विल्सन अव्हेन्यूवरच्या आज्यांनी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा खिडक्या उघड्या ठेवून झोप घेतली. माझ्या शेजारच्या पोर्तुगीज आजी अजून हेच सांगतात, सामन्याबद्दल एक शब्द नाही. त्या छतावरच्या बाकांवर आता संध्याकाळी पत्ते चालतात आणि खालून गाड्या जाताहेत हे पायांना जाणवतं, थोडीशी थरथर.

वास्तुवाट

घरांबद्दल कोणीच लिहिलं नाही! बाझिलिकच्या अगदी शेजारी रने गालूस्ते या वास्तुरचनाकार बाईंनी बांधलेली सरकारी घरं आहेत. कोन, तिरके कोपरे, आणि जवळजवळ प्रत्येक घराला मातीची गच्ची, जिच्यात खरीखुरी झाडं लावता येतात. कमी भाड्याच्या घरात राहणाऱ्यालाही बाग हवी, हा त्यांचा आग्रह होता. वरून पाहिलं तर गावाच्या मधोमध हिरवी टेकडी वाटते. तिथून दोन पावलांवर ब्राझीलच्या ऑस्कार नीमायरने 'ल्युमानिते' या कम्युनिस्ट वर्तमानपत्रासाठी बांधलेली वळणदार काचेची इमारत आहे, १९८९ ची. वर्तमानपत्राने ती पुढे विकली. बाराव्या आणि विसाव्या शतकातली इतकी धाडसी कामं इतक्या जवळ दुसरीकडे कुठे असतील तर सांगा.

सोनचाफा

ऑलिंपिकनंतर भाडी वाढली का? माझी भाची पारी-८ ला प्रवेश घेतेय, म्हणून विचारतेय.

जुनाविद्यार्थी

वाढताहेत, आणि हीच आजची खरी काळजी आहे. खेळाडूंच्या वसाहतीचं रूपांतर सुमारे २,८०० घरांत करायचं ठरलं, सँ-दनी, सँ-तुआँ आणि लील-सँ-दनी या तीन गावांत मिळून. जून २०२४ मध्ये मेट्रोची १४ नंबरची लाइन प्लेयेलपर्यंत आली. जपानी वास्तुरचनाकार केंगो कुमाने बांधलेलं ते स्टेशन भव्य आहे, आत लाकूडच लाकूड, आणि तिथून पॅरिसच्या मध्यात पोहोचायला आता फार वेळ लागत नाही. याचा अर्थ पॅरिसमध्ये न परवडणारे लोक इथे घर बघणार. गावातल्या मुलांना ते घर परवडेल का? भाचीला सांगा, विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज लवकर करायचा, थांबायचं नाही.

१ जानेवारी २०२५ पासून शेजारचं पियेरफित गाव सँ-दनीत विलीन झालंय. मिळून वस्ती दीड लाखाच्या आसपास. म्हणजे आता हे पॅरिसच्या सभोवतालच्या प्रदेशातलं पॅरिसखालोखाल सर्वांत मोठं शहर आहे.

घाटमाथा

कालवाकाठ, तुमचं उत्तर वाचलं. पुढच्या उन्हाळ्यात भाऊ येतोय, त्याला टाके असलेलं थडगं बघायचंय. दिवसा कसं जायचं ते सांगाल का? मुलीलाही घेऊन यावं असं वाटायला लागलंय.

कालवाकाठ

जरूर या! मंगळवार, शुक्रवार किंवा रविवारची सकाळ धरा, बाजाराचा दिवस असतो. मेट्रोतून बाहेर आल्यावर आधी मंडईकडे या. १८९३ ची लोखंडी मंडई आहे. आत मासे, चीज, मेंढीचं मटण, बाहेर चौकात भाजी, कपडे, भांडी. भेंडी, कारली, कच्ची केळी, ओली मिरची, सगळं मिळतं आणि पॅरिसपेक्षा बरंच स्वस्त. मुलीला पुदिन्याच्या जुड्या विकणाऱ्या बायकांकडे घेऊन जा, त्या लहान मुलांना हमखास काहीतरी हातात देतात.

मग बाझिलिक. पुढचा भाग फुकट बघता येतो, थडग्यांसाठी तिकीट लागतं. रविवारी सकाळी प्रार्थना असते, थडग्यांचा भाग दुपारी उघडतो, म्हणून रविवारी आलात तर बाजार आधी. नंतर पोल एल्युआर संग्रहालय. कवी एल्युआरचा जन्म याच गावातला, १८९५ चा. संग्रहालय जुन्या कार्मेलाइट मठात आहे, जिथे पंधराव्या लुईची मुलगी राजवाडा सोडून १७७० मध्ये संन्यासिनी झाली. वरच्या खोल्यांमध्ये पॅरिस कम्यूनचा, म्हणजे १८७१ च्या कामगार उठावाचा, फार चांगला संग्रह आहे. संध्याकाळ व्हायच्या आत कालव्यावरून चालत स्टेडियमपर्यंत या आणि तिथून आरईआरने परत जा, म्हणजे मेट्रोच्या त्या पायऱ्या टळतील. यायच्या आधी इथे निरोप टाका. मी गावात असले तर बाजारात भेटेन आणि तुम्हाला गालूस्तेबाईंच्या एखाद्या गच्चीवरही नेईन, माझी एक मैत्रीण तिथे राहते, तिने यंदा मेथी लावलीय.